गाळ हलला नव्हता

१

टाकीच्या झाकणावरची दोरी जशीच्या तशी होती. गाठ माझीच. तशी गाठ घरात दुसऱ्या कुणाला घालता येत नाही, आणि सोडता तर त्याहून येत नाही. ओढलं की आणखी आवळते. मोरीचं कुलूप शाबूत होतं. फरशी कोरडी ठणठणीत. आणि टाकी रिकामी.

आदल्या संध्याकाळी ती गळ्यापर्यंत भरली होती. पिण्याचं, शिजवायचं, धुवायचं, आठवड्याचं सगळं पाणी त्या एका टाकीत. मी झाकण उचलून आत वाकले तर तळाला चार बोटं पाणी, आणि त्याखाली गाळ, दुधावरच्या सायीसारखा सपाट पसरलेला. नळाची तोटी उघडी होती. ती सवयीने बंद केली आणि मग जी ओरडले ती तळमजल्यापर्यंत ऐकू गेली.

ओरडायला नको होतं, असं नंतर सगळ्यांनी मला सुनावलं. माझ्या घरातून पाणी जातं आणि मी काय कुजबुजायचं?

"आई, हळू! सगळा जिना जागा झाला," म्हणत थोरला धावत आला. त्याच्यामागे थोरली सून, डोळे चोळत. धाकटी सून आपल्या मुलीला कडेवर घेऊन दारातच थांबली. ती काही बोलली नाही. तेवढंच पुरलं लोकांना.

थोरला म्हणजे आमच्या इमारतीच्या पाणीसमितीचा प्रमुख. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आठवड्यातून एकदा पाणी, तेही तासाभराचं. लोक पाहुण्यारावळ्यांना डबे भरभरून द्यायला लागले आणि गरज असलेली घरं कोरडी पडली, म्हणून त्यानंच नियम केला: जे घर पाणी बाहेर देईल त्याचा नळ पंधरा दिवस बंद. एकाच माणसाचं काम असल्याचं ठरलं, तर त्या माणसानं इमारत सोडायची, घराचा नळ राहील. नियम केला तेव्हा मी त्याची पाठ थोपटली होती. नियम नेहमी दुसऱ्यासाठीच असतो असं वाटतं ना.

टाकी रिकामी म्हणजे पाणी बाहेर दिलं, असं धरून समितीचे दोघे वर आले. त्यांनी कुलूप पाहिलं, गाठ पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मोरीची किल्ली कुणाकडे होती?"

किल्ली एरवी माझ्या कमरेला असते. पण काल टाकीवर गाठ मारली आणि माझी कंबरच धरली. उठता येईना, म्हणून कुलूप लावायला किल्ली दिली ती...

"धाकटीकडे," थोरल्यानं माझ्याआधी सांगून टाकलं.

२

दुपारच्या आत जिन्याखालच्या फळ्यावर धाकटीचं नाव लागलं. 'संशयित. निकाल संध्याकाळी.' अक्षर थोरल्याचं, वळणदार. मी दोन यत्ता शिकलेली, पण माझ्या घरचं नाव फळ्यावर चढलं की मला चष्म्याशिवाय वाचता येतं.

मी दाराला आतून कडी लावली आणि कडीला कुलूप. खिडक्या धुळीमुळे बंदच होत्या. बाहेर वारा मातीचा, आत वारा नाहीच. चार माणसं आणि एक पोर एकमेकांचा श्वास घेत बसलो.

"आई, हे काय?" थोरली म्हणाली. "मला समोर जायचं होतं जरा."

"चोर सापडेपर्यंत कुणी कुठं जायचं नाही."

"चोर सापडलाय," थोरला म्हणाला. "तुम्हाला मान्य करायचं नाही एवढंच. आई, सरळ हिशेब आहे. ही गेली तर नळ राहतो. ही राहिली तर नळ जातो. पंधरा दिवस आपण काय खायचं नि काय प्यायचं?"

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. आमच्याकडे दोन्ही कोरडे.

धाकटीचा नवरा, म्हणजे माझा धाकटा, जहाजावर कामाला. सगळीकडे पाणीच पाणी अशा जागी. त्याचा फोन कधी लागतो, कधी नाही. धाकटीला माहेर म्हणजे एक भाऊ, आणि त्या भावानं लग्नाच्या दिवशीच हात झटकले होते. इथून गेली तर ती मुलीला घेऊन जाणार कुठं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कुणी विचारत नव्हतं.

मी तिला अडगळीच्या खोलीत नेलं.

"तू घेतलंस?"

"नाही."

"किल्ली कुणाला दिलीस?"

"कुणाला नाही. उशाखाली होती, सकाळी तुम्हीच मागून घेतलीत."

"मग पहाटे दार कुणी उघडलं? मी जागी होते. कंबर दुखत असली म्हणून कान दुखत नाहीत माझे."

तिनं मुलीच्या केसांतली गुंतागुंत सोडवायला घेतली. "मी उघडलं. खाली गेले होते."

"कशाला?"

तिनं केसांतली आणखी एक गाठ सोडवली.

"हातात काय होतं?"

"डबा."

"अगं बये, तोंड उघड! लोक बाहेर तुझ्या नावानं शंख करताहेत आणि तू मुखदुर्बळ होऊन बसलीयस?"

"तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला इथेच कोंडाल," ती म्हणाली. आणि मग मला म्हणाली, म्हणजे मला, जिच्यासमोर आजवर डोळे वर करून बोलली नव्हती: "कोंडलंयच म्हणा."

३

मी कुलूप उघडलं, बाहेर पडले आणि परत लावलं. आतून थोरल्याची हाक आली. ऐकली नाही.

तळमजल्यावर न्हाव्याचं दुकान. त्याच्या दारात दोरीवर ओले टॉवेल वाळत होते, ओळीनं. अख्ख्या रस्त्यात ओली अशी तेवढीच वस्तू. मी जवळ जाऊन एक पिळून पाहिला.

"या आजी, दाढी करायची?" न्हावी आरशातून म्हणाला.

"तुझी करीन, उलट्या वस्तऱ्यानं. हे टॉवेल धुवायला पाणी आलं कुठून?"

"धुतोय कुठं? सकाळच्या गिऱ्हाइकाची तोंडं पुसली, तेच ओले आहेत. एका भांड्याच्या पाण्यात पाच दाढ्या करतो आजी. पाचव्याला पहिल्याचा साबण फुकट." त्यानं भांडं दाखवलं. पाणी कसलं, ताक झालं होतं त्याचं. असल्या पाण्यात तोंड बुडवणारा माणूस टाकीभर पाणी चोरत नसतो.

"आमची धाकटी पहाटे आली होती इथं?"

त्याचा हात थांबला. "मी काही बोललो नाही हं समितीला. त्यांनी विचारलं, बाई डबा घेऊन उतरली का? मी म्हटलं, उतरली. तेवढंच."

"डबा कसा धरला होता?"

"कसा म्हणजे? हातात. झुलवत आली. कडी वाजत होती म्हणून तर मी वर पाहिलं."

भरलेला डबा कुणी झुलवत नाही, आणि त्याची कडीही वाजत नाही. भरला डबा माणसाला एका बाजूला वाकवतो. त्यात ती उतरली एकदा, आणि टाकीतलं पाणी असल्या डब्यानं न्यायचं तर सकाळ होईपर्यंत जिना झिजला असता.

"मग आली कशाला?"

"आजी, माझं नाव नका सांगू. दुकानातला फोन वापरायला येते. पहाटे जहाजाचा लागतो म्हणते. रिकामा डबा आपला दाखवायला, कुणी विचारलं तर टँकर आला का बघायला चालले म्हणायचं."

"नवऱ्याला फोन करायला चोरी कसली? घरात आहे की फोन."

न्हाव्यानं वस्तरा पुसला, उगाचच. "घरात सगळे ऐकतात ना. ती त्याला वेगळी खोली बघायला सांगते. तुमच्यापासून वेगळी."

४

जिना चढताना कंबर पुन्हा बोलायला लागली. की कंबर नव्हती ती, कोण जाणे. वेगळी खोली. मी काय वाघीण आहे? मधल्या वळणावर थांबून स्वतःलाच विचारलं, आणि स्वतःचंच उत्तर आवडलं नाही म्हणून पुढे चढले.

चोर तर ती नव्हती. पण दोरी, कुलूप, कोरडी फरशी, सगळं तसंच आणि पाणी नाही. पाण्याला काय पंख फुटले?

आमच्या समोर मास्तरीण राहते. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तिनं दार उघडून मला आत ओढलं.

"काकू, एक विचारू? तुमच्याकडे आज पहाटे पाणी आलं होतं का?"

"कुणाकडे येतंय? वार कुठला आहे?"

"तेच तर! मला भिंतीतून आवाज आला. पाइपातून. गुडगुड, गुडगुड. मी बादली घेऊन पळाले, नळ सोडला, तर थेंब नाही. आमचा पाइप मुका आणि शेजारचा बोलतोय. आणि शेवटी असा आवाज आला, पेल्याच्या तळाचं सरबत नळीनं ओढल्यावर येतो ना, तसा. मला वाटलं आता वेड लागणार."

आमच्या इमारतीत प्रत्येक घराचा पाइप वेगळा आहे. सगळे शेजारी शेजारी भिंतीतून खाली पंपाच्या खोलीत उतरतात, आणि तिथं प्रत्येकाचा वेगळा कॉक. मास्तरणीच्या शेजारचा पाइप म्हणजे आमचा.

"बसा, पाणी घ्या घोटभर," ती म्हणाली.

"मास्तरीणबाई, वेड लागलंयच वाटतं. या दिवसांत पाणी घ्या म्हणतेस?"

"सामाईक हौदातलं आहे. यांच्या आजारपणासाठी सकाळी तांब्याभर दिलं तुमच्या थोरल्यानं. पाणीखात्याचे साहेब आले होते ना तपासणीला, ते तर हौद पाहून खूश. म्हणाले, इतकं नितळ पाणी मी या महिन्यात पाहिलं नाही."

हा सामाईक हौद पंपाच्या खोलीतच आहे. आजारपणासाठी राखीव. तो रिकामा निघाला तर खातं अख्ख्या इमारतीचं पाणी निम्मं करतं, म्हणून त्याची जबाबदारी समितीच्या प्रमुखावर. खोलीची किल्लीही त्याच्याचकडे.

मी घोट घेतला. जीभ आक्रसली. दातांना कापूस लावल्यासारखं झालं.

नळाला येतं ते पाणी चहाच्या रंगाचं. नितळ कुठून असणार? ते नितळ होतं फक्त माझ्या टाकीत, कारण टाकी भरली की मी तुरटी फिरवते, आणि जरा जास्तच फिरवते. घरात सगळे त्या चवीला नावं ठेवतात.

मी माझं पाणी पीत होते. समोरच्यांच्या घरात बसून.

५

मोरीत जाऊन मी टाकीपुढे पाटावर बसले.

नळाच्या तोंडाला नळी तारेनं घट्ट आवळलेली, झाकणाच्या भोकातून थेट खाली, गाळापासून जेमतेम वर, तळाच्या चार बोटं अलीकडे. तो माझाच हुकूम. पाणी वरून पडलं तर शिंतोडे उडतात, आणि पडण्याच्या आवाजावरून शेजाऱ्यांना कळतं कुणाचं किती भरलं. म्हणून नळी तळाशी पाहिजे, थेंबाचा आवाज नको. दोन्ही सुना माझ्या या हुकमाला घाबरून असतात. नळी वर राहिली तर मी काय बोलेन, हे त्यांना पाठ आहे.

लग्न झालं तेव्हा सासऱ्यांचं रॉकेलचं दुकान होतं. पिंपातून रॉकेल काढायला नळी टाकायची, दुसरं टोक खाली धरायचं, एकदा ओढ बसली की झालं. मग कुणी हात लावावा लागत नाही. वरचं खाली आपसूक येत राहतं, नळीचं टोक उघडं पडेपर्यंत. तिथं ते थांबतं, शेवटचा घोट गुडगुड करून. आणि तळाला उरतं चार बोटं.

तांब्यानं उपसलं असतं तर गाळ ढवळला असता. गाळ हलला नव्हता. पाणी कुणी दारातून नेलंच नाही. ज्या पाइपातून आलं त्याच पाइपातून परत गेलं. खाली पंपाच्या खोलीत प्रत्येक पाइपाला गाळ काढायची एक तोटी असते. ती कुणी उघडली की वरच्या टाकीचं पिंप झालं.

पण त्यासाठी वरचा नळ उघडा पाहिजे. आणि तो उघडा होता. माझ्याच हातानं तर बंद केला.

"थोरले, इकडे ये."

थोरली आली, पदराआड हात लपवत.

"काल धाकटीनं मोरीला कुलूप लावायच्या आधी तू आत गेली होतीस?"

"हो... म्हणजे, नळ उघडा ठेवायला."

"कशाला?"

"हे म्हणाले, पहाटे जादा पाणी सुटणार आहे, नळ उघडा राहू दे. आईंना उठवू नकोस, त्यांची कंबर दुखतेय." तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. "मी काय केलं, आई?"

"तू काही नाही केलंस. सांगितलं ते ऐकलंस. या घरात सगळे तेच करतात." मी उठले. "फळ्यावर जादा पाण्याचं काही लिहिलं होतं?"

"नाही."

"आणि फळा कोण लिहितं?"

तिनं दाराकडे पाहिलं. उत्तर तिथंच उभं होतं.

६

"हौद भरायचा राहिला होता," थोरला म्हणाला. "पाणी आलं त्या दिवशी मी जिन्यात भांडणं सोडवत होतो. हौदाचा कॉक उघडायचा विसरलो. आणि दुसऱ्या सकाळी तपासणी."

"मग मागायचं होतंस. प्रत्येक घरानं एक बादली दिली असती."

"आणि म्हणाले असते, दुसऱ्याला नियम शिकवतो, स्वतः विसरतो! मला वाटलं, टाकी गळली म्हणाल तुम्ही सगळे. आठवडा कसाबसा काढू. तुम्ही ओरडलात, आई. जिना वर आला. त्यांनी किल्लीचं विचारलं. मग मी काय करणार होतो?"

"खरं बोलणार होतास."

"सगळ्यांसमोर?"

"फळ्यावर तिचं नाव काय मनातल्या मनात लिहिलंस?"

तो टाकीच्या कडेवर बसला. लहानपणी काही फोडलं की असाच बसायचा, मान खाली, हात मांड्यांखाली. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगत नाही. आईला काय वाटतं ते आईनं आपल्याजवळ ठेवावं.

"आई, घरातलं घरात ठेवा," तो म्हणाला. "मी फळा पुसतो. पुरावा मिळाला नाही म्हणून सोडून देतो तिला. संशयाचा फायदा."

"म्हणजे ती जन्मभर संशयित."

"पण तुमचं नाक राहील! बाहेर मला तोंड दाखवायला जागा राहील! नळ राहील!"

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, तेच वाईट. या जिन्यात माझं बोलणं चालतं ते या मुलाच्या जोरावर. मी कुणाला बोल लावला तर समोरचा गप्प बसतो, कारण मुलगा समितीवर. हे सगळं एका वाक्यानं जाणार होतं, आणि ते वाक्य माझ्याच तोंडून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच की दाबणारा हात आपलाच.

अडगळीच्या खोलीतून पेटी ओढल्याचा आवाज आला. धाकटी सामान भरत होती.

खाली समिती जमली. मी कुलूप काढलं, जिन्याच्या कठड्याशी गेले, आणि सकाळी ओरडले त्याहून मोठ्यानं ओरडले.

"ऐका सगळे! पाणी माझ्या थोरल्यानं नेलं! पाइपातून, हौदात! आपली चूक झाकायला! माझ्या धाकट्या सुनेनं थेंब घेतलेला नाही. ज्याला पटत नसेल त्यानं हौदातलं पाणी चाखावं, जीभ आक्रसली की माझी तुरटी समजावी!"

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग न्हावी म्हणाला, "आजी, चाखलं असतं, पण राखीव आहे." दोनचार जण हसले, ते हसणं माझ्या मुलाच्या अंगावरून गेलं आणि मी ते जाऊ दिलं.

समितीचे दोघे घुटमळले. थोरल्याच्याच नियमानं त्याला इमारत सोडायला लावायची, की घराचा नळ बंद करायचा?

"नळ बंद करा," मी म्हणाले. "मुलगा माझा आहे, त्याला मी ठेवते. नियमात बसवून घ्या. आणि तो फळा त्यालाच पुसायला लावा, सगळ्यांसमोर."

त्यानं पुसला. धाकटीचं नाव पुसलं, आणि त्या जागी आमच्या घराचा नळ बंद असं त्याच वळणदार अक्षरात लिहिलं. वर आला तो सरळ आपल्या खोलीत गेला. थोरली त्याच्यामागे गेली नाही. स्वयंपाकघरात उभी राहिली.

धाकटीची पेटी दारापाशी होती.

"आता जायची गरज नाही," मी म्हणाले.

"गरज म्हणून जात नव्हते, आई. मला जायचंच आहे. यांनी जहाजावरून फोन करून खोली ठरवलीय."

"मला कळलं."

"न्हाव्यानं सांगितलं?"

"त्याला काही म्हणू नकोस. त्यानं ओठ शिवले होते, मी टाके उसवले."

ती पहिल्यांदा हसली, अर्धवट. मग पेटीकडे पाहिलं, कोरड्या मोरीकडे पाहिलं, आणि पायानं पेटी परत आत ढकलली.

"आज गेले तर लोक म्हणतील, नळ गेला तशी पळाली. पंधरा दिवस थांबते. मास्तरीणबाई रोज घागरभर देते म्हणाल्यात, समितीला विचारून. तेवढ्यात भागवू. नळ सुरू झाला की त्या दिवशी जाईन."

माझ्या जिभेवर बरंच आलं होतं. इतकी वर्षं आलेलं सगळं बोलूनच टाकलं मी. या वेळी गिळलं.

"नळी तळाला घालायची नाही यापुढे," एवढंच म्हणाले. "आवाज होऊ दे."

"बरं."

ती मुलीला झोपवायला गेली. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. दुष्काळ सुरू झाल्यापासून रोज सकाळी उठून मी एकच मागणं मागत आलेय, की बाबा, आज तरी नळाला पाणी येऊ दे.

दुसऱ्या दिवशी उठले आणि तोंडातून ते निघेना.